मदत हवी आहे: 'अनारकली'चं पत्रक मूकपटाचं की बोलपटाचं?

आजोबांच्या पेटीत इंपीरियल फिल्म कंपनीच्या 'अनारकली'चं जाहिरातीचं पत्रक सापडलंय. वरचा भाग फाटल्यामुळे थिएटर आणि साल गायब. 'सोलापूर', खेळांच्या वेळा आणि नायिका सुलोचनाचं (रूबी मायर्स) नाव तेवढं शाबूत. घोळ असा, की सुलोचनानं अनारकलीची भूमिका १९२८च्या मूकपटात केली आणि १९३५च्या बोलपटातही. कंपनी तीच, दिग्दर्शक आर. एस. चौधरीही तेच! गाण्यांचा उल्लेख नाही म्हणून मला मूकपट वाटतो, पण तेवढ्यावर कसं ठरवणार? मूकपट तर आता पाहायलाही मिळत नाही. इथल्या वाचनालयांत विचारलं, १९३०च्या आधीची वर्तमानपत्रं मिळाली नाहीत. कागदाचे तुकडे पडतायत, त्यामुळे मूळ प्रत कुठे पाठवणार नाही, फोटो देते. १९२८-२९च्या सोलापुरातल्या सिनेमाच्या जाहिराती असलेले अंक कुठे बघायला मिळतील?