मूडलच्या 'वर्कशॉप'मध्ये पोरं एकमेकांना पैकीच्या पैकी देतात. खरं तपासणारीचे गुण मात्र कापले गेले

आयर्विनकर (सांगली)

मंडळी, नमस्कार. टी.वाय.ला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) भूगोल शिकवतो. वर्गात ५८ पोरं, आणि निम्मा कोर्स मूडलवर, म्हणजे ऑनलाईन शिकवायच्या सॉफ्टवेअरवर, चालतो.

गेल्या सत्रात एक प्रकल्प दिला होता, 'आमच्या गल्लीतलं पाणी'. २०१९ च्या पुराचं पाणी आपल्या घराजवळ कुठवर चढलं होतं ती खूण शोधायची, टेपनं मोजायची, २००५ चा पूरही पाहिलेल्या दोन जाणत्या माणसांशी बोलायचं, हातानं नकाशा काढायचा आणि तीन पानी अहवाल चढवायचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे आकडे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. पण आपल्या उंबऱ्यावर किती होतं ते विचारलं की सगळे हात छातीशी नेतात, 'एवढं' म्हणतात. टेप लावलेला कुणी नाही. म्हणून हा खटाटोप.

५८ अहवाल एकट्यानं तपासायचे म्हणजे दिवाळी गेली. त्यात मला असंही वाटत होतं की गावभागातल्या पोरानं कर्नाळ रोडवरच्या पोराचा अहवाल वाचावा, त्यातून जास्त शिकेल. म्हणून मूडलमधली वर्कशॉप ॲक्टिव्हिटी घेतली, तिच्यात पोरंच एकमेकांचं काम तपासून गुण देतात. अहवालाला ८० आणि दुसऱ्याचं नीट तपासल्याबद्दल २०, हे मुळात भरलेले आकडे तसेच ठेवले. प्रत्येकाला दोन अहवाल तपासायला. निकष चार: नकाशा, मुलाखत, मोजमाप, भाषा. प्रत्येकी २० गुण. बस्स, एवढंच लिहिलं होतं.

निकाल काय लागला? ११६ फॉर्मपैकी नव्वदच्या वर फॉर्मांत पैकीच्या पैकी. शेऱ्याच्या चौकटीत 'खूप छान', 'मस्त भावा', एका ठिकाणी नुसता अंगठा. आणि गंमत म्हणजे तपासणीचे २० गुणही सगळ्यांना पूर्ण मिळाले, अंगठावाल्यालासुद्धा.

या सत्रात शहाणपणा केला, तिघांकडून तपासून घेतलं. तर भिलवडीकडची एक मुलगी आहे, तिनं अहवाल खरोखर वाचले. 'नकाशाला प्रमाण नाही, मुलाखत दिलेल्या माणसाचं वय नाही' असं लिहून गुण कापले. बाकीच्या दोघांनी नेहमीप्रमाणे खिरापत वाटली. आणि तपासणीचे गुण कमी कुणाला पडले? हिलाच. स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी खरं लिहिलं म्हणून माझे गुण कापले का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जेवण गोड लागलं नाही.

तर विचारायचं असं. एक, हा हिशेब चालतो कसा? दोन, नावं कशी लपवायची? तीन, दुष्काळी जत-आटपाडीची सात पोरं आहेत, त्यांनी पूर कुठून आणायचा? त्यांना विहिरीची पातळी आणि टँकर असा विषय दिला होता. अहवाल चांगले होते, पण छपरापर्यंतच्या पाण्याच्या फोटोंपुढे कोरडी विहीर फिकी पडते. त्यांना गुण कमी मिळाले.

बी.एड.वाली ताई (सातारा)

सर, त्या मुलीला आधी सांगा की तिची काही चूक नाही. हिशेबच तसा आहे.

खरं उत्तर काय ते मूडलला माहीत नसतं. ते एका अहवालाला मिळालेल्या सगळ्या गुणांची सरासरी काढतं, सरासरीच्या सगळ्यात जवळची तपासणी 'उत्तम' धरतं आणि बाकीच्यांचं अंतर त्या उत्तमापासून मोजतं. जितकं लांब तितके तपासणीचे गुण कमी. आता तपासणारे दोनच असले तर सरासरी बरोब्बर दोघांच्या मध्ये पडते, दोघंही तिच्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे दोघंही 'उत्तम'. तुमच्या अंगठावाल्याला २० पैकी २० पडले ते असे. दोघांवर हे यंत्र चालतच नाही.

तिघांवर चालतं, पण बहुमतानं. सोपं करून एकच निकष घेऊ. दोघांनी २० पैकी २० दिले, तिनं १२. सरासरी १७.३३. खिरापतवाले तिथून २.६७ वर, ती ५.३३ वर. गेले तिचे गुण.

आता तुम्ही मध्ये पडा. तोच अहवाल स्वतः तपासा, समजा ११ दिलेत, आणि तुमच्या तपासणीचं वजन ४ करा. वजन ० ते १६ पर्यंत ठेवता येतं. नवी सरासरी म्हणजे २० अधिक २० अधिक १२ अधिक ४४, भागिले ७. आले १३.७१. या आकड्याच्या सगळ्यात जवळ कोण आहे बघा. तुम्हीसुद्धा नाही, ती! 'उत्तम' आता तिची तपासणी आणि खिरापतवाले लांब फेकले गेले. कागदावर करून दाखवा तिला, भूगोलाची असली तरी कळेल.

म्हणजे सगळे ५८ तुम्हीच तपासायचे का? मुळीच नाही. तपासणीचा टप्पा संपला की प्रत्येक अहवालाला कुणी किती दिले ते एका तक्त्यात दिसतं. जिथे तिघांचे आकडे फाटलेले दिसतील तिथेच हात घाला. मला साधारण बारा-पंधरा बघावे लागतात. मग 'ग्रेडिंग इव्हॅल्युएशन' टप्प्यात पुन्हा हिशेब करायला लावायचं. तिथे तुलना किती कडक ठेवायची याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी मधलीच ठेवा. गुण गुणपत्रकात वर्कशॉप बंद केल्यावरच जातात, तोवर मागेपुढे करायला मोकळीक आहे.

पण हे झालं नंतरचं मलमपट्टीचं काम. दुखणं तुमच्या फॉर्ममध्ये आहे, राग मानू नका. 'नकाशा: २० गुण' हे वाचून पोरगं काय करणार? मित्राचा चेहरा आठवणार आणि २० टाकणार. आमच्याकडे बी.एड.ला पदनिश्चयन श्रेणी आणि रुब्रिक यांतला फरक परीक्षेपुरता पाठ करतात नि विसरतात. 'उत्तम, बरा, सुमार' ही झाली श्रेणी. रुब्रिकमध्ये प्रत्येक पायरीवर डोळ्यांना काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. मोजमापाचं असं करा:

खूण मोजलेली नाही, 'कंबरेएवढं' असा अंदाज: ०
फूट-इंचात आकडा आहे, पण कुठून कुठवर मोजलं ते नाही: १
जमिनीपासून खुणेपर्यंत फूट-इंचात, कशानं मोजलं तेही: २
वरचं सगळं, शिवाय खूण २०१९ चीच कशावरून ते सांगितलंय: ३

यात मैत्री कुठे घुसवणार? घुसते म्हणा, पण लाज वाटते.

जतच्या मुलांचंही निम्मं काम इथेच होतं. 'पूर' हा शब्द निकषातून काढून 'पाण्याची पातळी' लिहा. विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल, दोर सोडून मोजलं की विचारून लिहिलं, ते याच चार पायऱ्यांत बसतं.

कोयनाकाठ (पाटण)

ताईंनी हिशेब सांगितला, मी वाटपाचं, म्हणजे कुणाचा अहवाल कुणी तपासायचा त्याचं सांगतो, कारण आमचं तिथेच फसलं होतं.

आमच्याकडे डोंगरातली पोरं. शेवटच्या दिवशी रात्री रेंज शोधत टेकावर जाऊन फाईल चढवणारी. मी मुदत संपल्यावर आपोआप वाटप होईल असं लावलं होतं आणि टप्पाही आपोआप बदलेल असं. वाटप झालं. दुसऱ्या दिवशी नऊ पोरं दारात, 'सर, लाईट नव्हती'. उशिरा चढवायची परवानगी दिली, पण त्यांचे अहवाल कुणाच्याच वाट्याला गेले नाहीत. एकदा झालेलं वाटप उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा होत नाही, हातानं करावं लागतं. म्हणून आता आपोआपचा नाद सोडलाय. मुदतीनंतर दोन दिवस थांबतो, मगच बटण दाबतो.

दुसरं, तीन तपासण्या हव्या असतील तर वाटप पाचांचं करा. एक-दोन जण कामचुकार निघणारच.

'काही न चढवताही तपासता येईल' अशी एक खूण असते, ती काढून ठेवा. ज्यानं स्वतः टेप धरला नाही त्यानं दुसऱ्याचं मोजमाप कसलं तपासायचं.

आणि नावांचं: त्या वर्कशॉपच्या परवानग्यांत जाऊन लेखकाचं नाव पाहण्याची आणि तपासणाऱ्याचं नाव पाहण्याची, अशा दोन परवानग्या स्टुडंटकडून काढून घ्या. तुम्हाला नावं दिसत राहतात. पण फाईलच्या नावातच पोरगं आपलं आडनाव घालतं त्याला मूडल काय करणार! शिवाय तुमचा विषयच 'आमची गल्ली'. हरिपूरच्या संगमाचा नकाशा बघितला की कुणाचा अहवाल ते अख्खा वर्ग ओळखणार.

त्यावर उपाय असा, की तालुक्याप्रमाणे किंवा भागाप्रमाणे गट करा आणि वाटपात 'एकाच गटातल्यांनी एकमेकांचं तपासायचं नाही' ही खूण लावा. मात्र ग्रुप मोड 'व्हिजिबल' हवा, म्हणजे गटांना एकमेकांचं दिसेल असा. 'सेपरेट' ठेवलात तर नेमकं उलटं होतं, आपापल्या गटातच वाटप. मी एकदा ते करून बसलोय.

तासगावचा बेदाणा

मी मास्तर नाही, द्राक्षबाग बघतो. पण एका ऑनलाईन डिप्लोमाला होतो, तिथे हा प्रकार होता, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूनं दोन शब्द.

सर, पोरं आळशी म्हणून पैकीच्या पैकी देत नाहीत. भितात. मी पण सगळ्यांना दिले होते. कमी दिले आणि कळलं तर? हॉस्टेलात एकाच ताटात जेवायचं असतं. आणि खरं सांगू का, कमी द्यायचे तर कशावरून द्यायचे तेच समजत नव्हतं. मालाची प्रत बघून दर सांगणारा माणूस सौद्यात बसून बसून तयार होतो. पहिल्या दिवशी त्याला विचारलं तर तोही 'चांगलाय' एवढंच म्हणेल.

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी आधी एक नमुना दिला, त्यांनी स्वतःच मुद्दाम चुका घालून लिहिलेला. तो तपासल्याशिवाय पुढचं उघडायचंच नाही. तपासला की मॅडमनी त्याला किती दिले ते शेजारी दिसायचं. मी २० दिले होते, त्यांनी ९. तेव्हा डोळे उघडले. त्या नमुन्याचे गुण कुठे धरत नव्हते, म्हणून भीतीही नव्हती.

बी.एड.वाली ताई (सातारा)

बेदाणा, लाख बोललात. नमुन्याची सोय वर्कशॉपमध्येच आहे सर. पहिल्या मांडणीच्या टप्प्यात 'एक्झाम्पल सबमिशन' चालू करा, तुमची स्वतःची तपासणी त्याला जोडा आणि 'स्वतःचं चढवल्यावर, दुसऱ्याचं तपासण्याआधी' हा पर्याय निवडा. एका पोराचा जुना अहवाल नमुना म्हणून लावू नका मात्र. ओळखतात, आणि त्या पोराचं वर्षभर हसं होतं.

आयर्विनकर (सांगली)

सगळ्यांचे आभार. रविवार याच्यातच घातला.

त्या मुलीच्या वाट्याचे तिन्ही अहवाल मी स्वतः तपासले, वजन ४ ठेवून पुन्हा हिशेब लावला. दोन अहवालांत तिचे तपासणीचे गुण वर आले. तिसऱ्यात नाही आले, कारण तिथे तीच जरा जास्त कडक निघाली. ताई म्हणाल्या तसं कागदावर मांडून दाखवलं. तिसऱ्याबद्दल तिनं वाद घातला, दहा मिनिटं. 'मुलाखत दोघांची आहे, पण दोघं एकाच घरातली नवरा-बायको आहेत, ती एकच मुलाखत झाली ना सर?' मुद्दा बिनतोड होता. माझ्या निकषात 'दोन व्यक्ती' एवढंच होतं, आता 'दोन वेगळ्या घरांतल्या' असं केलंय. तिचे गुण हातानं वाढवले.

पुढच्या वेळेसाठी गट भागाप्रमाणे पाडलेत, वाटप पाचांचं. जतच्या पोरांचे अहवाल आता सांगलीवाल्यांकडे जाणार, ते बरंच झालं. एक मात्र केलं, फोटोला गुणच ठेवले नाहीत. फोटो लावा हवे तेवढे.

नमुना अहवाल मी आमच्याच घराचा लिहिला, मारुती चौकापासून जवळच राहतो. सहा चुका पेरल्या आणि बायकोला फॉर्म देऊन तपासायला बसवलं. ती बँकेत आहे, भूगोलाशी संबंध दहावीपुरता. तिनं आठ काढल्या. जास्तीच्या दोन मी पेरलेल्या नव्हत्या. नकाशात उत्तर दिशा दाखवायची राहिली होती, आणि पाण्याची खूण मी ४ फूट ७ इंच लिहिली होती. ती म्हणाली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून मोजलीत तुम्ही, मी टेप धरला होता.

आता विचारतो, या दोन चुका दुरुस्त करू की नमुन्यात तशाच राहू देऊ?

कोयनाकाठ (पाटण)

राहू द्या की. आणि आठही सापडल्या असं कुणी म्हणालं तर त्याला वहिनींची सही आणायला पाठवा.