सीआयएन-२ च्या अहवालानंतर पी-१६ तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न (ऐरोली)
नमस्कार. माझे वय ३१ असून लग्नाला तीन वर्षे झाली आहेत, अजून मूल नाही. पॅप तपासणीत दोष आढळल्यामुळे ठाण्यातील एका रुग्णालयात कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी) झाली, गर्भाशयमुखाचा तुकडा तपासायला गेला आणि अहवालात ‘सीआयएन-२’, म्हणजे गर्भाशयमुखाच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदलांच्या तीन पायऱ्यांपैकी मधली, असे आले. तिथे लीप (विजेच्या तारेच्या कड्याने कापणे) करून तो भाग काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या मतासाठी गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी त्याच तुकड्याच्या जपलेल्या ब्लॉकवर पी-१६ आणि केआय-६७ या दोन प्रथिनांची तपासणी करून घ्यायला सांगितले. पहिल्या ठिकाणी याविषयी विचारले, तर ‘त्याने काय फरक पडणार?’ एवढेच उत्तर मिळाले. फरक खरोखर पडतो का? घरी सासूबाई तर मला कर्करोगच झाला आहे, असे धरून चालल्या आहेत.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, नौपाडा)
सासूबाईंना आधी हे सांगा की हा कर्करोग नाही. बदललेल्या पेशी अजून अस्तराच्या आतच आहेत, अस्तराखालचा तळपडदा ओलांडून खाली उतरलेल्या नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सीआयएन-२ ही मधली पायरी आम्हा पॅथॉलॉजिस्टांनाही अवघड जाते; एकच काच (स्लाइड) दोघांनी पाहिली, तर एक जण सीआयएन-१ म्हणतो आणि दुसरा सीआयएन-३ कडे झुकतो. त्यातच अपरिपक्व मेटाप्लाझिया (अस्तराच्या पेशींचा प्रकार बदलण्याची अर्धवट अवस्था), भरून येणारी जखम किंवा रजोनिवृत्तीनंतर पातळ झालेले अस्तर हे सगळे हुबेहूब तसेच दिसू शकते. पी-१६ उपयोगी पडते ते इथेच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या धोकादायक एचपीव्ही या विषाणूचे ई-७ हे प्रथिन पेशीतील आरबी नावाच्या प्रथिनाला, म्हणजे पेशीविभाजनाच्या ब्रेकलाच, निकामी करते आणि तो ब्रेक सुटला की पेशीत पी-१६ भरमसाट साठू लागते. त्यामुळे ते दिसणे ही विषाणूने पेशीचा ताबा घेतल्याची खूण ठरते. केआय-६७ विभाजन चालू असलेल्या पेशींत दिसते आणि ते अस्तराच्या वरच्या थरांत दिसू लागले, तर संशय बळावतो.

अमेरिकेत २०१२ मध्ये पॅथॉलॉजिस्ट आणि कॉल्पोस्कोपी करणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून जी शिफारस केली, ती अशी की सीआयएन-२ चा विचार मनात आला की पी-१६ करावे. ठळक आणि सलग आले तर एचएसआयएल, म्हणजे वरची श्रेणी, आणि तसे आले नाही तर खालची श्रेणी किंवा विषाणूशी संबंध नसलेला बदल. स्पष्ट सीआयएन-१ किंवा स्पष्ट सीआयएन-३ असताना मात्र ते करू नये, कारण सीआयएन-१ मध्येही ते अनेकदा सकारात्मक येते आणि विनाकारण श्रेणी वाढवली जाते. आपला अहवाल सीआयएन-२ चा असल्याने पी-१६ करण्याची शिफारस त्याला लागू पडते. माझ्या मते करून घ्यावे.

उत्तर (निवृत्त लॅब तंत्रज्ञ, नेरुळ)
ताई, नव्याने तुकडा काढावा लागत नाही. तुमचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. हिस्टोपॅथॉलॉजी विभागाच्या खिडकीवर अर्ज देऊन ब्लॉक आणि जुन्या स्लाइड मागून घ्या. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन हे रंजन (रंग देण्याची प्रक्रिया) करतात. सकारात्मक पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. खरा सकारात्मक निकाल असेल तर अगदी तळाच्या थरापासून वर निदान एक तृतीयांश उंचीपर्यंत तपकिरी पट्टा न तुटता गेलेला दिसतो. इथे चार पेशी, तिथे दोन, अशी ठिपक्याठिपक्यांची रंगत नकारात्मकच धरतात. म्हणून अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता ‘ब्लॉक पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे का, आणि सोबतची कंट्रोल स्लाइड (रंजन नीट झाले का हे पडताळण्याची स्लाइड) बरोबर आली होती का, हे अवश्य विचारा.

उत्तर (कळवा)
माझ्या बहिणीचे पी-१६ सकारात्मक आले आणि तिने लगेच लीप करून घेतले. सकारात्मक आल्यावर थांबण्यात काय अर्थ आहे?

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, नौपाडा)
आपल्या बहिणीचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु पी-१६ सकारात्मक येणे म्हणजे कर्करोग होणारच, असे नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, उपचार न करता निरीक्षणाखाली ठेवलेल्या सीआयएन-२ पैकी सुमारे ५० टक्के बदल दोन वर्षांत आपोआप मागे गेले, ३२ टक्के तसेच राहिले आणि १८ टक्के पुढे सरकले. पी-१६ श्रेणी ठरवते. या तिघांपैकी आपण कोणत्या गटात, हे ते ठामपणे सांगत नाही. लीपनंतर पुढच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीचा धोका काहीसा वाढतो, त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीला सीआयएन-२ मध्ये सहा आणि बारा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी व एचपीव्ही तपासणी करत थांबण्याचा पर्याय देता येतो. मात्र कॉल्पोस्कोपीत बदलाची वरची कड पूर्ण दिसली नसेल, गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीच्या नमुन्यातही दोष असेल किंवा पुनर्तपासणीत सीआयएन-३ ठरले, तर थांबू नये. तसेच तारखा पाळणे शक्य नसेल, तर उपचार करून घेतलेलाच बरा.

प्रश्न विचारणारी (ऐरोली)
सर्वांचे मनापासून आभार. कॉल्पोस्कोपीचा कागद काढून पाहिला. वरची कड पूर्ण दिसल्याची नोंद त्यात आहे, आतल्या नळीच्या नमुन्याचा मात्र उल्लेखच नाही. सोमवारी ब्लॉकसाठी अर्ज देते, तेव्हा त्या नमुन्याविषयीही लेखी विचारते. सासूबाईंना तळपडद्याची गोष्ट कागदावर रेघ ओढून समजावली आणि काल रात्री कितीतरी दिवसांनी त्या माझ्यासोबत पोटभर जेवल्या.