प्रति: रिबेस केलं आणि दोन दिवसांचं काम उडालं
"काम गेलं, आता गिट नको, फोल्डरच्या कॉप्याच बऱ्या" असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. (गिट म्हणजे फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, आणि रिबेस म्हणजे त्यातले आपले बदल दुसऱ्या पायावर पुन्हा रचणं.) थांबा की जरा! कमिट केलं होतं ना, म्हणजे बदलांची गिटमध्ये नोंद केली होती ना? मग बहुतेक मिळेल. 'गिट रीफ्लॉग' ही कमांड चालवा, मागच्या हालचालींची यादी दिसेल; त्यात रिबेसच्या आधीच्या ओळीतला हॅश (कमिटची ओळख सांगणारा कोड) घ्या आणि त्यावरून नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढा. अशा सुट्या पडलेल्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ३० दिवस टिकतात. कमिटच केलं नसेल तर मात्र अवघड आहे.

मी गिट बेळगावच्या टिळकवाडीत एका मित्राबरोबर बिलिंग प्रोग्रामची लेबलं भरताना शिकलो. तो कानडी, मी मराठी, फाईल एकच, आणि रोज संध्याकाळी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी आदळायचे. (भाषेवरून भांडण बेळगावला नवं नाही म्हणा.) शेवटी दोन भाषांच्या दोन फायली केल्या, मिटलं.

गिट किचकट आहे हे मान्य. २००५ साली बिटकीपर या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्सनी ते लिनक्स कर्नलच्या (त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिलं, तुमच्या-आमच्यासाठी नव्हे. एकट्या 'चेकआउट' कमांडला किती कामं चिकटवलीत बघा! २०१९ मध्ये ब्रँच बदलायला 'स्विच' आणि फाईल पूर्ववत करायला 'रिस्टोअर' वेगळे आलेत, ते वापरून बघा.