‘घरचे सगळे’ ग्रुप: पांढऱ्या गाडीवरचे लाल ठिपके

बुधवार, रात्री

बंटी: दादा, जागा हाय का? गाडीचे फोटो टाकले, पाय. परत आले ते ठिपके. दिवाळीत रंग घासायचं कंपाउंड मारून घेतलं, होळीले मारलं, आता पोळा आला तं पुन्हा. धुतलं की दोन दिवस बरं दिसते, मंग डिक्कीवर कुंकू शिंपडल्यावानी.

मोठे बाबा: पत्राच खराब हाय. आपल्या जुन्या जीपले पंधरा वर्षांत एक ठिपका नव्हता.

काकाजी: जीप लाल मातीच्या रंगाची होती भाऊ. असता तरी दिसला असता का?

मोठी आई: मी तं पयलेच म्हटलं होतं, पांढरी घेऊ नका. कोनं ऐकलं नाई.

ताई (वर्धा): टूथपेस्ट लावून पाहिलं का?

बंटी: टूथपेस्ट झालं, निंबू झालं, घासलेट झालं. भाऊजी म्हणाले संडास धुवायचं लिक्विड लाव.

दादा (नागपूर): लावलं का? खरं सांग.

बंटी: डिक्कीच्या खाली, एका कोपऱ्यात. चार बोटं जागा.

दादा: अबे उठ, आत्ता जाऊन भरपूर पाण्यानं धू. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ठिपका जाईन, पण नंबर प्लेटचे स्क्रू, क्रोमची पट्टी, जिथं पत्रा उघडा असन तिथं सगळं खाईन. गंज काढायले गेला अन् गंजाले घरी बोलावून आला.

भाऊजी: मी गंमत केली होती हो.

ताई: तुमची गंमत आमच्या घरी फरशीवर अजून दिसते.

बंटी: धुतलं. झोपू का आता?

दादा: झोप. सकाळी उन्हं चढायच्या आधी गाडी साबणानं नीट धू, पुसून कोरडी कर. मंग हातात साधी पातळ पन्नी घाल, किराणा दुकानातली, अन् बोटं अलगद रंगावरून फिरव. उघड्या हाताले जे कळत नाई ते पन्नीतून कळते. छत, बोनेट, दोन्ही बाजू, डिक्की, सगळीकडं फिरव अन् कुठं किती लागते ते सांग.

गुरुवार, सकाळी

काकाजी: (सूर्योदय, कमळ, शुभ सकाळ)

बंटी: फिरवली पन्नी. डिक्की अन् डावी बाजू एकदम रवाळ, कणीक चाळली नसल्यावानी. बोनेटवर थोडं. छतावर तुरळक. उजवी बाजू गुळगुळीत.

दादा: आता एका ठिपक्यावर नख घास. रंगाच्या वर काही टोचते का, का रंगच फुगून पापुद्रा आला?

बंटी: टोचते. पापुद्रा कुठीच नाई.

दादा: मंग मोठ्या बाबाले सांग, पत्रा चांगला हाय. आतून गंज आला असता तं रंगाखाली फोड आला असता, अन् तो दाराच्या खालच्या काठाले, चाकावरच्या कमानीत, नाईतर गोटा लागून रंग उडाला तिथं आला असता. ते दुखणं वेगळं. तिथं घासून, प्रायमर लावून, रंगच भरा लागते. तुयं तसं नाई.

बंटी: मंग काय हाय हे?

दादा: बाहेरून येऊन बसलेलं लोखंड. आमच्या लाईनीत याले रेल डस्ट म्हणते. चाक अन् रूळ घासून बारीक पूड उडते, नव्या गाड्या मालगाडीनं येतात तेव्हा त्यांच्यावरही बसते. शोरूमले उतरल्या उतरल्या ठिपके असलेल्या गाड्या मी हातानं साफ केल्या.

काकाजी: बरोबर! आपल्या मागून मुंबई-नागपूर लाईन गेली. कोळशाच्या गाड्या दिवसरात्र. धामणगावले राहायचं अन् रेल्वेले शिव्या द्यायच्या, हेच नशिबी हाय.

दादा: काकाजी, रेल्वेचं थोडंफार असन, नाई म्हणत नाई. पण वरून पूड पडली असती तं सगळ्यात जास्त छतावर अन् बोनेटवर बसली असती. याच्या गाडीची डावी बाजू अन् डिक्की भरली, उजवी कोरी. म्हणजे एका बाजूनं येऊन रायलं, अन् जवळून. बंटी, गाडी कशी लावतं तू?

बंटी: फाटकाच्या आत, तोंड घराकडं. डिक्की रस्त्याकडं.

दादा: अन् डाव्या हाताले?

बंटी: कुंपण. पलीकडं आपला वेल्डिंगवाला भाऊ.

बंटी: हो ना राजा. तो ट्रॉल्या करून रायला मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. रोज संध्याकाळी कटर चालते, दिवाळीच्या फुलबाज्यावानी.

दादा: सापडला चोर. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे जळतं लोखंडच असते. गरम कण रंगावर पडते, वरचा थर जरासा भाजून आत रुतते अन् थंडा होते. कोरडा हाय तोवर काळी टिकली, कोनाच्या नजरेत भरत नाई. पाऊस पडला, दव पडलं की गंजते अन् भोवती नारिंगी डाग पसरते. तुले डाग दिसते, कण दिसत नाई. कंपाउंडनं डाग जाते, कणाचं डोकं कापल्या जाते, बाकीचा आतच. पुढच्या पाण्यात पुन्हा तेच. पऱ्हाटीतलं तण वरून कापलं तं काय होते, तुले मी सांगू का?

दादा: अन् कंपाउंड म्हणजे रंग झिजवणंच. कंपनीतून येते तेव्हा सगळे थर मिळून जेमतेम १००-१२५ मायक्रॉन, त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५०. आपला केस ७० च्या आसपास भरते. वर्षात दोनदा घासलं तू त्याले. आता बंद.

मोठे बाबा: मले पटत नाई. ठिणगी तं जागच्या जागी विझते.

मोठे बाबा: जुन्या स्पीकरचं चुंबक हाय माह्याजवळ. पाहतोच.

गुरुवार, दुपारी

मोठे बाबा: (फोटो) चुंबकाले पन्नी बांधून कुंपणाजवळच्या धुळीतून फिरवलं. काळी दाढी आली चुंबकाले.

काकाजी: भाऊ, चुंबक तं नाल्याच्या रेतीत फिरवलं तरी दाढी येते. लहानपणी आपण तेच करत होतो. आपला दगडच तसा हाय, काळ्या मातीतही चुंबकाले चिकटणारे कण असतात.

दादा: काकाजींचं बरोबर हाय. तो मातीतला कण आधीच ऑक्साइड असते, तो काही असा गंजत नाई. छोटीकडं शाळेच्या विज्ञानाच्या पेटीत भिंग हाय ना? त्याच्याखाली पाहा.

बंटी: छोटी म्हणते, “मोहरीवानी गोल गोल मणी आहेत, चमकतात. अन् काही वाकडे तुकडे.”

दादा: गोल हाय ते ठिणगीचे. उडता उडता वितळलेला थेंब हवेतच गोठते, म्हणून गोल. मातीतला कण असा मण्यासारखा गोल नसते.

मोठे बाबा: बरं.

(मोठ्या बाबाचं “बरं” म्हणजे आमच्याकडं कोर्टाचा निकाल. त्याच्यावर अपील नाई.)

बंटी: मंग काढायचं कसं?

दादा: दोन वस्तू येतीन माह्यासोबत. एक आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण काढायचं लिक्विड, अन् एक क्ले बार, म्हणजे रंगावर फिरवायची माती. मी शनिवारी येतो, तोवर काहीच लावू नको. निंबूसुद्धा नाई.

मोठी आई: पोळ्याले येऊन रायला का गाडीले येऊन रायला?

दादा: मोठी आई, तुया पुरणपोळीले येऊन रायलो. गाडी मधात आली.

रविवार, सकाळी

ताई: झालं का गाडीचं? व्हिडिओ टाका.

बंटी: टाकतो. ताई, दादानं आयर्न रिमूव्हर मारलं अन् पांढरी गाडी जांभळी झाली! जिथं जिथं कण होता तिथून जांभळा ओघळ. डिक्की तं जांभूळ खाल्लेल्या पोरावानी दिसून रायली. अन् वास! सडलेल्या अंड्यावानी. मोठी आई पदर नाकाले लावून आत गेली.

ताई: थांब, बाटलीवर काय लिहिलं? थायोग्लायकोलेट असं काही हाय का?

बंटी: हाय.

ताई: मंग हा आमचाच वास. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्ये हेच असते. केस काढायच्या क्रीममध्ये पण. म्हणून तं आम्ही खिडकी उघडी ठेवतो.

भाऊजी: म्हणजे तुया पार्लरची क्रीमच लावली असती तं पैसे वाचले असते!

दादा: भाऊजी, पाया पडतो, हे कोनाले सांगू नका. क्रीम जबरदस्त क्षारीय असते, ती केस गाळाले बनवली. गाडीच्या बाटलीचा पीएच बहुतेक न्यूट्रलच्या जवळ ठेवते, म्हणून रंगाले चालते. सारखं रसायन असलं तरी वस्तू सारखी नाई. हे लावतानाही हातमोजे पाहिजे.

काकाजी: किती वेळ ठेवलं?

दादा: तीन-चार मिनिटं. गाडी सावलीत, पत्रा थंडा, म्हणून सहाले सुरू केलं. रंगावर वाळू द्यायचं नाई, वाळलं की तेच डाग पाडते. बंटी फवारणीचा पंप घेऊन आलता धुवायले. हाकलला त्याले. ज्या पंपात तणनाशक भरते तो गाडीवर मारते का?

बंटी: मी तीनदा खंगाळला होता.

दादा: दोनदा लावलं, धुतलं. तरी जे हट्टी राहिले त्यांच्यासाठी क्ले. शाम्पूच्या पाण्यानं रंग ओला ठेवायचा अन् ती माती नुसती सरकवायची, दाबायची नाई. सुरुवातीले खरखर आवाज येते, मंग आवाज बंद होते. आवाज बंद झाला की तिथलं काम झालं. माती घडी करकरून स्वच्छ बाजू घ्यायची. बंटीनं एकदा अंगणात पाडली. तेवढा तुकडा फेकला.

बंटी: पुसून वापरणार होतो, दादानं हातावर चापट मारली.

दादा: अंगणातली रेती त्याच्यात बसली, तीच मंग गाडीवर घासशील. एक गोष्ट आणखी. पॉलिश लावताना पांढऱ्या फडक्यावर पांढरा रंग आला. म्हणजे याच्या गाडीले वरचा पारदर्शक थर नाईच, साधा पांढरा रंग हाय. काही गाड्यांच्या साध्या रंगात तसं असते. परवा मी जो थर सांगितला तो याच्याकडं नाई, म्हणून घासणं तं आणखीनच जपून.

मोठे बाबा: (फोटो) गाडी चांगली झाली. चार जागी बारीक खड्डे दिसतात.

दादा: ते कण होते तिथले. कण निघाला, खड्डा राहते. टच-अपची बाटली आणली, काडीच्या टोकानं एकेक भरतो. वरून मेण लावलं, म्हणजे पूड पडली तरी लवकर धरणार नाई. तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावा लागन.

भाऊजी: माह्या काळ्या गाडीले असलं काही होत नाई. काळा रंग दमदार.

दादा: भाऊजी, तुमची बाईक काल रात्रीपासून कुंपणाजवळच उभी हाय. मागच्या पोळ्यालेही तिथंच होती. टाकीवर उरलेलं मारलं मी. व्हिडिओ पाहा.

ताई: जांभळी 😂😂

भाऊजी: बाटली किती उरली?

काकाजी: पण मुद्दा राहिलाच. तो कटर चालवणं बंद करणार का? नाई तं दिवाळीले पुन्हा तेच.

मोठे बाबा: त्याले काही म्हणायचं नाई. आपल्या बोअरची मोटर अडकली तेव्हा रात्री दोन वाजता आला होता तो. पोट हाय त्याचं.

बंटी: मी गेलतो त्याच्याकडं. तोच म्हणाला, “मले आधी सांगाचं ना.” हिरवी नेट आणून कुंपणाले लावतो म्हणते.

दादा: नेट नको, ठिणगीनं वितळते, पेटली तं आणखी लफडं. जुने टिनाचे पत्रे उभे करा त्या बाजूले. अन् गाडीले कव्हर घालून ठेवायचं कोनी म्हटलं तं ऐकू नका. ठिणगीनं कव्हरले भोकं पडतीन, अन् पावसात आत ओल कोंडन. सोपं म्हणजे गाडी दुसरीकडं लावा. कोठ्याकडं जागा हाय.

बंटी: कोठ्यात मस्त बसते. मोजली मी, डिक्की उघडायलेही जागा उरते.

मोठी आई: गाडी कोठ्यात बांधशीन तं बैल कुठी, सोफ्यावर? उद्या पोळा हाय. आधी शिंगं रंगवा, मंग ते डबडं कुठी लावायचं ते पाहू.