हरकत तेव्हा घेतली नाही, मग अपिलात ओरड कशाला?

कोर्टनाका_ज्युनिअर
ठाण्यात सहा वर्षं फौजदारी कामं बघून बनलेलं मत आहे, शिव्या घाला हवं तर. सत्र न्यायालयात शिक्षा लागली की अपिलातला पहिला मुद्दा ठरलेला: 'अमुक निशाणी (कोर्टाने क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेला कागद) चुकीने पुराव्यात वाचली.' परवा असंच एक अपील चाळलं. मोबाइलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) ६५-ब च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी जुन्या पुरावा कायद्याने मागितलेल्या, प्रमाणपत्राविना आले होते, हे खरं. पण कंपनीचा नोडल ऑफिसर पिंजऱ्यात असताना कागदाला निशाणी पडली, तेव्हा बचावाचे वकील गप्प! सोनू विरुद्ध हरियाणा (२०१७) मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय: कागद सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत खालच्या कोर्टातच घ्या, म्हणजे सरकार पक्षाला उणीव भरून काढता येते. अपिलात पहिल्यांदा नाही. मला पटतं.

कळवा_खाडी
वकील झोपला आणि शिक्षा अशिलाने भोगायची, वा! तळोजा जेलमधल्या माणसाला निशाणी म्हणजे काय हे तरी माहीत असतं का? फुकट मिळालेला वकील सकाळी फाइल उघडतो आणि दुपारी उलटतपास घेतो. बांधावरचा दिवाणी दावा आहे का हा, की 'तुम्ही बोलला नाहीत, आता बसा'?

निवृत्त_शिरस्तेदार
दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. पोलिसांपुढचा कबुलीजबाब (जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३) मुळातच अग्राह्य. त्यावर खाली कुणी ब्र काढला नसला तरी अपिलात मुद्दा चालतो. सीडीआरचं तसं नाही, तिथे उणीव आहे ती सिद्ध करण्याच्या रीतीत.

आणि मुद्दा जिंकलात म्हणून सुटलात असंही नाही. जुनं कलम १६७, आताचं १६९ वाचा. चुकीचा पुरावा बाजूला काढून उरलेला शिक्षेला पुरतो का, एवढंच बघतात. पुरला तर निकाल कायम. अपील मेमोत आठ पानं त्या एका कागदावर आणि उरलेल्या साक्षीदारांवर दोन ओळी, असं लिहिणाऱ्यांनी हे कलम भिंतीवर लावावं.

कोर्टनाका_ज्युनिअर
शिरस्तेदारसाहेब, कबुलीजबाबाचं मान्य, ते मी सरसकट लिहिलं. बाकी १६९ माझ्याच बाजूचं.

कळवा_खाडी
तुमच्या बाजूचं कसं? माझ्याकडच्या एका प्रकरणात हरकत घेतली होती, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) आहे. कोर्ट म्हणालं, नंतर बघू. निकालपत्रात त्या हरकतीवर एक शब्द नाही आणि तोच कागद शिक्षेचा आधार!

निवृत्त_शिरस्तेदार
ही पद्धत सुप्रीम कोर्टाच्या बिपीन पांचाळ (२००१) निकालापासूनची. हरकत नोंदवा, तात्पुरती निशाणी द्या, निकालाच्या वेळी ठरवा. खटला रखडू नये हा हेतू, पण ठरवायचंच राहून जातं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीतल्या प्रश्नांवरच्या हरकतींपुरतं सांगितलं, तिथल्या तिथे ठरवा, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना. तुमचा मुद्दा दमदार आहे. रोजनाम्याची नक्कल काढलीत का?

कळवा_खाडी
अर्ज टाकलाय. नक्कल विभागात उद्या परत खेटा.

कोर्टनाका_ज्युनिअर
हरकत घेतलेली आहे ना, मग तुमचं-माझं भांडण कुठे आहे? माझा राग न घेणाऱ्यांवर.

कळवा_खाडी
आणि माझा, त्यांच्या अशिलाला जबाबदार धरणाऱ्यांवर. भांडण तिथेच आहे.