शेवटच्या दोन सीरिजमध्ये ग्रुप डावीकडे खाली का जातो? (१० मीटर एअर रायफल)

साताऱ्याची_आई:
नमस्कार. मुलगी अकरावीत आहे, रायफल क्लबची वापरते. पहिल्या चार सीरिज (दहा-दहा शॉटच्या) १०२-१०३ गुणांच्या पडतात, पाचवी-सहावी थेट ९९. पेलेट (छर्रे) विखुरत नाहीत, अख्खा ग्रुपच, म्हणजे भोकांचा पुंजका, डावीकडे खाली सरकतो. दुकानदार म्हणतो रायफल थकली, जर्मन घ्या. किंमत लाखांत आहे. घ्यायच्या आधी काय तपासू?

करवीरचा_नेमबाज:
ताई, पैसे बँकेतच राहू द्यात. चार सीरिज १०३ देणारी रायफल पाचवीला म्हातारी होत नसते. तरी खात्री करायचीच तर क्लबमध्ये ती शिकंज्यात आवळा आणि दहा पेलेट मारा. एकाच भोकात गेले की रायफल निर्दोष. भोक पसरलं तर आधी पेलेट बदला, डब्यावर ४.४९, ४.५० असं माप असतं, प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच मानवतं.

ग्रुप सरकतो हे तुम्ही नेमकं टिपलंत. विखुरला असता तर मी ट्रिगर आणि श्वासाबद्दल विचारलं असतं. सरकतोय म्हणजे पोरीची उभं राहण्याची जागा बदलतेय. मध्ये रायफल स्टँडवर ठेवते, पाणी पिते, परत येते तेव्हा पाय बोटभर इकडेतिकडे पडतात. मग शरीराचा रोख डावीकडे आणि नेम मात्र हाताने ओढून टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर आणलेला. शॉट सुटताना स्नायू ढिले पडतात आणि नळी आपल्या मूळ रोखाकडे जाते. तपासायला सोपं आहे: रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. नळी डावीकडे गेलेली दिसली तर मागचा पाय सरकवायचा. हाताने दुरुस्ती करायची नाही. सरावाला पायांभोवती खडूने खूण करा.

एवढ्याशाने काय होतं म्हणाल, तर हिशेब बघा. टार्गेटवरचं १० चं वर्तुळ अर्ध्या मिमीचं, पेलेट साडेचार मिमीचा. कड शिवली तरी १०.० मिळतात, म्हणजे मध्यापासून अडीच मिमीची सूट. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइट्समध्ये साधारण ८० सेंमी अंतर धरलं तर पुढची साइट ०.२ मिमी हलली की ती सूट संपली!

आता 'खाली'. इथे माझा संशय रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर. क्लबची रायफल, आधी दोन पोरांनी मारलेली, हातात येते अर्धी रिकामी. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर सिलिंडरमधल्या ठराविक दाबापर्यंत वेग सांभाळतो, त्याखाली पेलेट मंदावतो आणि खाली बसतो. सुरू करण्याआधी गेजचा काटा बघायला सांगा.

बालेवाडी_५०मी:
काकांशी सहमत. फक्त, पुढे ती ५० मीटरला गेली की हे सगळं असूनही वारा वेगळा छळतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तो हाच ५० मीटरचा प्रकार. उजवीकडून येणारा वारा .२२ ची गोळी डावीकडे आणि जरा वर ढकलतो, डावीकडून येणारा उजवीकडे आणि खाली. तिथे वारा दाखवणाऱ्या झेंड्यांवर लक्ष ठेवून साइटचे क्लिक द्यावे (साइट थोडी थोडी फिरवावी) लागतात. १० मीटरला बंद हॉलमध्ये हा त्रास नाही, सुख माना.

साताऱ्याची_आई:
काका, डोळे मिटून बघितलं. पहिल्या सीरिजला नळी जागेवर, पाचवीला डावीकडे! सिलिंडर भरून मारल्यावर खाली जाणं थांबलं, डावीकडे जाणं अजून थोडं आहे. ती एकेका शॉटला बराच वेळ धरून ठेवते, त्याचंही काही असेल का?

करवीरचा_नेमबाज:
असणारच. सात-आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर रायफल खाली घ्यायची, बिनदिक्कत. डोळा एकटक बघून थकतो, मग नळी हलली तरी कळत नाही. साठ शॉटना ७५ मिनिटं असतात, घाई कोणाला आहे? आणि सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला असेल तर स्पर्धेला चालत नाही, आणि ती बघायची जबाबदारी खेळणाऱ्याची.