अनुभव धागा : आपलं घर, आपला आराम आणि आवराआवर

कळशी (सांगली)

घटस्थापना आठवड्यावर आली. आमच्या भागात या दिवसांत दोन बायका रस्त्यात भेटल्या की पहिला प्रश्न, "दसरा काढला का?" घरातलं सगळं बाहेर काढायचं: वाकळा, सतरंज्या, माळ्यावरची भांडी, भिंतीवरच्या तसबिरी. धुवायचं, झटकायचं, उन्हं दाखवायची आणि घट बसायच्या आत जागच्या जागी लावायचं. माझ्या वाकळा काल गच्चीवर वाळल्या, म्हणून आज धागा काढायला सवड आहे.

पाहुणा दारात आला की आपण आधी "पसारा आहे हं" म्हणतो, मग घर कितीही लख्ख असो. स्वतःच्या घराबद्दल चांगलं बोलायला आपल्याला कसंसंच होतं. इथे ते बोलायचं आहे. घरात तुम्हाला सगळ्यात आराम कुठे वाटतो? घर नीट ठेवायची तुमच्याकडची रीत काय? आणि ते आवरतं कोण? सोफ्याची किंमत आणि मॉड्युलर किचनचं कोटेशन कृपया नको.

माझं सांगते. मला आराम वाटतो स्वयंपाकघरात, मांडणीसमोर. सासूबाईंच्या वेळची लाकडी मांडणी आहे. वरच्या फळीवर घागरी आणि हंडे, त्याखाली उतरत्या मापाने डबे, खालच्या खुंट्यांना झारे-उलथनी. मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्यांची जागा मी लग्न होऊन आले तेव्हा होती तीच आज आहे. लाईट गेली तरी फोडणी चुकत नाही. ती मांडणी काढून ट्रॉल्या बसवू, असं मुलगा दर दिवाळीला म्हणतो. म्हणू दे.

बीडीडीकर (वरळी)

आमच्या नीटनेटकेपणात संस्कार वगैरे काही नव्हते, जागेचा हिशोब होता. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही आठ माणसं. ब्रिटिश काळात १९२०च्या दशकात बांधलेल्या या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक अंधारा पॅसेज, संडास सामाईक. खोलीच्या तिन्ही भिंतींना डोक्याच्या वर फळी, तिच्यावर वर्षाचं सामान. खाट एकच, आजोबांची. खाटेखाली ट्रंका, ट्रंकांच्या पुढे चपला, चपलांच्या पुढे कोणाचे तरी पाय. सकाळी गाद्यांची वळकटी कोपऱ्यात गेली नाही तर चहा प्यायला बसायलाच जागा नसायची. आईला त्यासाठी कधी ओरडावं लागलं नाही. दहावीचा अभ्यास मी पॅसेजमधल्या दिव्याखाली केला आणि उन्हाळ्यात झोपलोही तिथेच. निम्मा मजला तिथेच झोपायचा.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही आहोत. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, लिफ्ट. सगळे विचारतात, खिडकीतून काय दिसतं? मला विचाराल तर सगळ्यात मोठं सुख म्हणजे घरातला संडास. रात्री पोट बिघडलं तर पॅसेज तुडवत जायचं नाही, रांग नाही, बादली नाही. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी तर हे घर म्हणजे तो संडासच.

आणि एक गंमत. जागा आली तसा पसारा आला! चाळीत एक खुर्ची नव्हती, आता खुर्चीवर कपड्यांचा ढीग असतो. वडील मात्र पलंगावर झोपूनही सकाळी अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात उभी करतात. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं, इथे बंद असतं. आईला त्याची अजून सवय व्हायचीय. दुपारी ती दार किलकिलं करून बसते.

नवतपा (नागपूर)

दसरा काढणं आमच्याकडे नाही, दिवाळीची साफसफाई असते. पण आमच्या घराचा खरा फेरबदल एप्रिलात होतो, कुलर लागला की. सगळं घर समोरच्या खोलीत येऊन राहते. गाद्या तिथे, जेवणं तिथे, अभ्यास तिथे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की आतल्या खोल्या फक्त सामानाच्या. वाळ्याच्या नव्या ताट्यांवर पहिल्यांदा पाणी सुटते तेव्हाचा वास ज्याने घेतला नाही, त्याला एसीचं कौतुक करू द्या.

एक सूचना. कुलरची टाकी नुसती रिकामी करून उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पाणी आलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी उपसून ब्रशने घासायची, मग भरायची.

पडवी (राजापूर)

शहरातली माणसं आमच्या घराविषयी लिहितात तेव्हा ते फार सुंदर असतं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन, माजघरातला गारवा. खोटं नाही. वैशाखात बाहेर अंग भाजत असताना माजघरात उघड्या जमिनीवर पडावं, त्याच्यासारखं सुख नाही. पण सारवण आपोआप होत नाही. शेण आणायचं, त्यातल्या काड्या वेचायच्या, पाण्यात कालवायचं, उकिडवं बसून हाताने अर्धवर्तुळं काढत मागे मागे सरकायचं. पावसाळ्यात ते वाळत नाही. पाऊस सरला की खळं, म्हणजे पुढचं अंगण, नव्याने करायचं: माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, मग सारवायचं, तेव्हा कुठे दिवाळीत तुळशीपुढे रांगोळी. मे महिन्यात कौलं परतायची. परतणारा माणूस आता शोधावा लागतो, आणि मिळाला तरी त्याची तारीख मिळत नाही. कौलं काढली की वाशांवरची वर्षाची धूळ आणि उंदरांचं घरटं खाली जेवणाच्या जागेत.

गणपतीला मुंबईहून आलेली जाऊ म्हणाली, "ही जमीन अशीच ठेवा हं, लाद्या घालू नका." माझी सासू मालवणकडची. ती म्हणाली, "तू एक दिस सारव, मगे तुका कळतला." गेल्या वर्षी ओटीला आणि स्वयंपाकघराला लाद्या घातल्या. माजघर अजून शेणाचं ठेवलंय, कारण दुपारी तिथे मी झोपते. मी सारवते, मी झोपते. बाकी कोणाच्या मताला आमच्यात आता किंमत नाही.

कळशी

@पडवी, शेवटच्या दोन वाक्यांना साष्टांग.

तगर (लातूर जिल्हा)

वाचून लिहावंसं वाटलं. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. धान्याला बळद, दिव्याला देवळी, भिंतीतच कोनाडे, कपाट कशाला लागत नव्हतं. आजी सांगायची की पाऊस यायच्या आधी माळवदावर नवी माती टाकून दाबायचे. दरवर्षी थर वाढायचा, घर आणखी गार व्हायचं आणि छत आणखी जड.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, त्याच भिंती आणि तीच माती भूकंपात अंगावर आली. आराम द्यायचं तेच होतं आणि जीव घ्यायचंही तेच होतं. पुनर्वसनात आम्हाला २५० चौरस फुटांचं घर मिळालं. जमिनीच्या हिशोबाने कोणाला ४००, कोणाला ७५०. रस्ते रुंद आणि सरळ, घरं एकमेकांपासून लांब. उन्हात तापतं, कोनाडा एक नाही. आजी कित्येक वर्षं त्या घरात झोपलीच नाही, अंगणात पत्रा टाकून राहायची.

आमच्या घरची आवरायची रीत त्या रात्रीपासूनची आहे. झोपतो तिथे डोक्यावर फळी नाही, तसबीर नाही, कपाटावर पेटी नाही. जड भांडी जमिनीलगत. दाराच्या वाटेत काही ठेवायचं नाही, चप्पलसुद्धा कडेला. उशाशी बॅटरी. माझ्या पुण्यात वाढलेल्या बायकोला आधी हे फार विचित्र वाटलं. आता आमच्या फ्लॅटमध्येही बेडच्या वर काही नाही. इंटिरियरवाल्याने तिथे लॉफ्ट सुचवलं होतं, तिनेच नको म्हणून सांगितलं.

बीडीडीकर

डोक्यावर फळी नाही... मी लहानपणभर वर्षाच्या तांदळाखाली झोपलोय. कधी मनातही आलं नाही.

नवतपा

@तगर, दाराच्या वाटेचं आजपासून आमच्याकडेही.

दुसरी पाळी (पुणे)

आई पाच घरची धुणीभांडी आणि फरशी करते. म्हणून हा धागा मी तिला वाचून दाखवला. "आवरतं कोण" ऐकून ती इतकी हसली की चहा सांडला.

तिचं म्हणणं असं : ज्या घरात कपाटं जास्त त्या घरात पसारा जास्त, कारण वस्तू कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नाही. फोन तिलाच येतो, "मावशी, किसणी कुठे?" पाचही घरांतल्या किसण्या कुठे आहेत हे तिला पाठ आहे. लोक दिवाळीला माळा काढतात, तिच्याकडून पुसून घेतात आणि तेच सामान परत वर ठेवतात. श्रीखंडाचे रिकामे डबे, मिक्सरचे खोके, पिशवीत कोंबलेल्या पिशव्या. "लागतं कधीतरी" म्हणतात. ती म्हणते, मी दरवर्षी तीच धूळ पुसते, कधी लागलं नाही.

आमचं घर पर्वतीच्या पायथ्याशी, पत्र्याचं. पावसात पत्र्याच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही. दारातून आत आलं की समोर स्टीलची मांडणी, ताटं उभी, वाट्या ओळीने, ग्लासांचा मनोरा. आईला ती समोर दिसली पाहिजे. दुसऱ्यांची भांडी घासून आल्यावर आपली चकाकताना बघायला बरं वाटतं, असं ती म्हणते. १९८०मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा आजी त्यात होती. सुट्टीचा दिवस मागायचा असतो हे आमच्या घरात तिथून आलं. रविवारी आईची सुट्टी. त्या दिवशी घरातली भांडी मी आणि भाऊ घासतो. ती पडल्या पडल्या चुका काढते, पण उठत नाही.

केल्याने देशाटन (श्टुटगार्ट)

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. बहिणींचे स्वभाव किती वेगळे असावेत! इथे आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. आपला आठवडा आला की दाराच्या मुठीला पाटी येऊन लटकते. जिना, तळघराची वाट, दारापुढचा फुटपाथ, हिवाळ्यात तिथला बर्फही. खालच्या आजी कधी बोलत नाहीत, पण मी झाडत असलो की त्यांचं दार उघडतं आणि बंद होतं. शेरा मिळाला असं समजायचं.

दुसरी रीत खिडक्यांची. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद होतो. आमच्याकडे रोज फोडणी, कुकरची वाफ, त्यामुळे जास्तच. आमटीच्या वासासकट वाफ बाहेर जाते. सगळ्यात आवडतो रविवार. ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही, कोणी खिळासुद्धा ठोकत नाही. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला ही शांतता आधी भीतीदायक वाटते, मग सोडवत नाही.

रद्दीवाला आला (ठाणे)

विरोधी मत नोंदवून ठेवा. माझ्या टेबलावर पुस्तकं, बिलं, चष्म्याची दोन घरं, एक स्क्रूड्रायव्हर आणि गेल्या आठवड्याची पुरवणी आहे. मला प्रत्येक वस्तू सापडते. आवरलेल्या घरात मी पाहुण्यासारखा बसतो. बायकोने टेबल आवरलं तर मी वीज बिल शोधत हिंडतो, म्हणून आमच्यात तह झाला आहे : टेबल माझं, त्याच्या कडेबाहेर आलेला कागद तिचा. तो थेट रद्दीत.

कळशी

तह चांगला आहे. पण "आवरतं कोण" याचं सरळ उत्तर पुरुषांपैकी कोणी दिलेलं नाही. नागपूरकर?

नवतपा

कुलर मी. टाकी मी. बाकी आई आणि वहिनी. लिहिताना बरं नाही वाटून राहिलं.

दुसरी पाळी

@कळशी, आईचा प्रश्न आहे. आजीची एक पितळी परात माळ्यावर आहे, काळी पडलीय. वर आजीचं नाव कोरलंय. ती लखलखीत करून मांडणीवर मधोमध ठेवायचीय. पावडरने घासू का चिंचेने? आणि नंतर तिच्यात कणीक मळली तर चालेल का?

कळशी

चिंच भिजवून तिचा कोळ, त्यात मीठ, नारळाच्या शेंडीने घासा. पिळलेल्या लिंबाची सालं असतील तर तीही. मग पाण्याने स्वच्छ धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, आपोआप वाळू दिली तर डाग पडतात. कोरलेल्या नावात चिंचेचा चोथा अडकतो, तिथे जुना टूथब्रश. हे सगळं बाहेरून. आतून आधी बघा कल्हई आहे का. पांढरट-रुपेरी थर असेल तर तो चिंचेने घासू नका, नुसत्या साबणाने धुवा. पिवळं पितळ उघडं पडलं असेल तर कणीक चालेल, मळून झाली की दुसऱ्या भांड्यात काढायची. पण दही, ताक, आमटी, लिंबू पिळलेलं काही त्यात नको. आंबट पडलं की पितळ कळकतं. कल्हईवाला मिळाला तर आमच्या गल्लीचा पत्ता द्या, माझी दोन पातेली वाट बघत पडलीत.